फाउंडेशनचं वर्ष

प्रिय दिव्यानी,

फोनवर तू "आई, बोल ना" म्हणतेस आणि मी डाळभाजीचं सांगत बसते. म्हणून आज लिहायला बसले. बाबा पहिल्या पाळीला गेलेत, कंपनीची बस गेली की ऊर्जानगर कसं शांत होतं ते तुला ठाऊक आहे. खिडकीशी ठेवलेल्या माझ्या ड्रॉइंग बोर्डावर रोजच्यासारखी वीजकेंद्राची बारीक राख बसलीय. ती ओल्या फडक्यानं पुसायची नाही, कोरड्या ब्रशनं झटकायची, एवढं तरी मी या वर्षी शिकले. ओल्यानं कागदावर डाग राहतो.

तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आपणहून सांगते, विद्यापीठात मी काय शिकते ते. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला फाउंडेशन म्हणतात. पहिल्याच दिवशी प्रफुल सरांनी सगळ्यांचे खोडरबर गोळा करून कपाटात टाकले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या वह्या उजेडाला धरून बघायच्या. चुकलेली रेघ दिसली की शेरा ठरलेला. त्यामुळे चूक अशी पुसायची की ती झालीच नव्हती, ही माझ्या हाताची सवय. रबर नाही म्हणून मी बोटानंच घासायला लागले. शेजारी बुधरी बसते, एटापल्लीकडची, तुझ्याहून कितीतरी लहान. ती म्हणाली, "बाई, तुम्ही काढून राह्यल्या का पुसून राह्यल्या?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण परतीच्या एसटीत ते वाक्य टोचत राहिलं.

समोर माठ ठेवतात. माठाचं तोंड गोल असतं हे माहीत असतं, म्हणून आपण गोल काढून मोकळे होतो. खरं तर समोरून ते चपटं दिसतं, काकडीच्या तिरप्या चकतीसारखं. सर म्हणतात, "मॅडम, ठाऊक हाय ते नका काढू, दिसते ते काढा." हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. मला ते जमायला दिवाळी उजाडली. ज्या दिवशी माठ कागदावर नीट टेकून बसला, त्या दिवशी मी वर्गाला आलूबोंडे दिले. तुलाही फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतीस.

तसा माझा हात या घराला नवा नाही. तुझ्या जर्नलमधला बेडूक कोणाचा होता? बाबांच्या सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं मीच काढायची, हेल्मेट घातलेला हसरा कामगार आणि खाली घोषवाक्य. बक्षीस बाबांच्या नावावर यायचं. हॉलमधलं घड्याळ त्यातलंच. पाहुणे आले की ते अजून सांगतात, "हे मले पोस्टरमध्ये भेटलं." मी चहा देते.

नागभीडला माहेरी असताना बारावीनंतर नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात माझी निवड झाली होती, हे तुला बहुधा माहीत नाही. तुझे आजोबा म्हणाले, "पोरगी चित्रं काढून काय करन? चुलीवर टांगन?" उन्हाळ्यात लग्न झालं. तेव्हा मला राग आला नाही. अशा गोष्टीचा राग येऊ शकतो, हेच ठाऊक नव्हतं. आता येतो, आणि ज्यांच्यावर यायचा ते फोटोत हार घालून बसलेत.

तुझी बातमी कळली तेव्हा मी किती रडले, ते तू फोनवर ऐकलंसच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मागची खोली रिकामी केली, चुना दिला, डिंक, मेथ्या, जवस आणून ठेवलं. मालिश करणाऱ्या सोमारीला सांगून ठेवलं. तुझे दिवस भरतात तेव्हाच माझी परीक्षा. पण तू इथे असतीस तर दोन्ही निभावलं असतं. सकाळी पेपर, दुपारी तुझ्या उशाशी. तू म्हणालीस, तिथे राख फार, पुण्याचे डॉक्टर सोडणार नाहीत. ते पटलं मला. बाळाच्या श्वासापुढे रीत काही मोठी नाही. पण त्याच दमात म्हणालीस, तूच ये, बाबांनी तिकीट काढलंय. मी परीक्षेचं नाव काढलं तर हसलीस. "अगं, पुढच्या वर्षी दे ना, माठ काही पळून जात नाही." लाडानं हसलीस, म्हणून जास्त लागलं. माझ्या वयाला पुढचं वर्ष कॅलेंडर छापणाऱ्यांचं असतं, आपलं नसतं. पण मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं या घरात नेहमीच होकारात धरलं गेलं.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. सोमवारी प्रफुल सरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. खाली बघत म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी नाई म्हणे तुमची. मुलीचा फोन होता, परीक्षेतून नाव कमी करा म्हणे." मी व्हरांड्याचा खांब धरला. त्यांना वाटलं, खरंच आजारी आहे. मग मी म्हणाले, लांब असते हो ती, उगाच काळजी करते, नाव राहू द्या. परक्या माणसासमोर तुझी लाज राखली. घरी बाबांना विचारलं तर पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "मीच म्हणलं होतं तिले, फोन कर म्हणून." तिकीट मी काल स्टेशनवर जाऊन रद्द केलं. डिंकाचे लाडू कुरियरनं पाठवते, रोज एक खा. परीक्षा संपली की पहिल्या गाडीनं येईन. तोवर सांभाळायला तुझ्या सासूबाईंना सांगितलं आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण आणि तुम्ही काऊन नाही येत, असं त्यांनी विचारलंच. काय सांगणार? तू जे सरांना सांगितलंस तेच मी त्यांना सांगितलं. तुला विचारतील तेव्हा तूही तेच सांग. आजारी बाईला कोणी बाळंतपणाला बोलावत नाही.

तुझीच, ठणठणीत,
आई