आईच्या कापडाखालची ओळ

मंठा, सोमवार

तीर्थस्वरूप दैवशाला अक्कास रामप्रसादचा वाकून नमस्कार. इकडं मी अन् नंदाबाई दोघंही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजी गोळ्या वेळेवर घेतात का? (तू आधी बीपी तपासून घे, मंगच पुढचं वाच. आणि बसून वाच.)

अक्का, तुझ्या जाफराबादच्या नव्या घराची भिंत वाळेपर्यंत तू आईचं फ्रेममधलं भरतकामाचं कापड माझ्याकडं ठेवलंस. निजामाच्या काळात शाळेत मुलींना एकाच कापडावर सगळे टाके भरून दाखवावे लागायचे, ते. मधी साखळी टाक्याचा पोपट, भोवती वेल, वर मुळाक्षरं. मी ते जिवापाड जपलं. तर मागच्या बुधवारी काकासाहेब नावाचे एक गृहस्थ आले. असली जुनी कापडं जमवण्याचा त्यांना नाद आहे. मी म्हणलं, जुन्या कापडात एवढं काय असतं? ते म्हणाले, मशीन चुकत न्हाई, पोरीचा हात चुकतो, म्हणून त्या कापडात पोरगी दिसते. (नंदाबाईनं आदल्या दिवशी ते फ्रेमसकट धुण्याच्या सोड्यात बुडवायला काढलं होतं. मी ऐनवेळी बादलीपासून वाचवलं. हे तुला सांगणार नव्हतो.)

काकासाहेबांना कापडाची मागची बाजू पाहायची होती. म्हणे खरी कारागिरी मागच्या गाठींवरून कळते. मी फ्रेम उघडू दिली, चूक माझीच. खालची दुमडलेली घडी सुटली अन् तिच्यात उर्दूची एक ओळ निघाली. आपण इतकी वर्षं फ्रेम पुसली, पण ती ओळ कोणी पाह्यली न्हाई. समोरच्या गौहरआपाला वाचायला बोलावलं. तीच, आसिफाचाचीची लेक. आई अन् आसिफाचाची एका वर्गात होत्या, तुला माहीत आहे.

आपानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मंग म्हणाली, "भाऊ, अम्मीचं नाव है. आसिफा, जमात चहारुम." म्हणजे इयत्ता चौथी.

अक्का, तू महिला मंडळात भाषण केलंस, पेपरात फोटो आला, 'आईचा भरतकामात पहिला नंबर'. पण आता आठवून बघ, आई कधी "मी भरलं" म्हणाली होती का? "ह्याला पहिला नंबर मिळाला" एवढंच म्हणायची. बाकी सगळं आपणच मनानं जोडलं. काकासाहेब म्हणाले, आता तर हे कापड जास्तच मोलाचं झालं, मला द्या. आपा पोपटाच्या पाठीवरून बोट फिरवत राह्यली. मला तिच्याकडं बघवेना.

दाजींना माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
रामप्रसाद

ता. क. कापड मी शुक्रवारी गौहरआपाला देऊन टाकलं. काकासाहेब रागावून गेले. तू रागावलीस तर मला सांगून रागाव, दाजींवर काढू नको.

ता. क. दुसरा. शनिवारी आपानं तिच्या अम्मीच्या ट्रंकेतून एक कापड आणून दिलं. शाळा सुटताना दोघींनी अदलाबदल केली होती म्हणे. पोपट कोंबडीसारखा दिसतो, वेल अर्ध्यावरच संपली आहे, अन् खाली वाकड्या अक्षरात 'द्वारका' आहे. ते आपल्या आईचं. चाचीनं ते मलमलीत गुंडाळून ठेवलं होतं. नंदाबाई हसली, मला हसू आलं न्हाई.

ता. क. तिसरा. खरं काम हे आहे. आपा कापड घेईचना, म्हणाली दैवशालाला विचारल्याशिवाय न्हाई. मंग मी सांगून बसलो की तुझा फोन आल्ता अन् तूच द्यायला लावलंस. येत्या रविवारी ती इथं आपल्याकडं जेवायला आहे, तुला भेटायचं म्हणते. सकाळच्या एसटीनं ये. ती तुझे दोन्ही हात धरील. तेव्हा काही बोलू नको, धरू दे.