कॅमेरा आईच्या हातात

प्रिय लोरकन,

आज मी तुझ्या सर्फबोर्डवर उभी राहिले! गिलरॉयच्या कुरणामागच्या आपल्या लाटेवर. हात अजून गारठलेत, म्हणून अक्षर असं येतंय.

जानेवारीत तुला दफन केल्यापासून आपली आई किनाऱ्याकडे फिरकली नव्हती. आज सकाळी मी गाडीवर बोर्ड बांधत होते, तर ती रेनकोट घालून, चहाचा थर्मास घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली.

"तुझे फोटो कोण काढणार? गायी?" म्हणाली.

इतकी वर्षं मी पाण्यात उतरून तुझेच फोटो काढले आणि मासिकांना दिले. माझा लाटेवरचा एकही नाही. मी कॅमेरा तिच्या हातात दिला.

पहिल्या दोन लाटांनी मला आपटलं. तिसरीवर उठले आणि थेट उथळ पाण्यापर्यंत आले, लोरकन! वाऱ्यातून आईची आरोळी आली, "गुडघे वाकव गं, घोडे! तो कसा वाकवायचा!"

तुझा नियम होता, फोटोत जमीन दिसता कामा नये, नाहीतर उद्या अख्खं डब्लिन आपली लाट शोधत येईल. आईने पडका मनोरा, कुरणाचं फाटक, दोन गायी, सगळं टिपलंय. कोपऱ्यात तिचा अंगठा आहे आणि मधोमध मी.

हा फोटो कोणालाच दाखवता येणार नाही. तुला दाखवला असता.

आई दारातून विचारतेय, "उद्या भरती किती वाजता गं?"

तुझी, अजून न वाळलेली,
ब्रोना