घरातून ओ येईपर्यंत

आप्पा, शिनोलीच्या रस्त्यावर कंपनीची बस सोमवारपासून थांबणार आहे. फाट्यावर कामावरच्या बायका उतरल्या की ती लगेच वळून जायची; आता त्या घरी पोचेपर्यंत दिवे लावून उभी राहील. प्लांटच्या मॅनेजरसाहेबांनी आज दुपारी स्वतः फोन करून पक्कं सांगितलं. आईला संध्याकाळी सांगेन, आधी तुम्हाला.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, त्यामुळे हे सगळं जरा मागून सांगायला हवं. मी पुण्यात विमा आणि जोखीम व्यवस्थापन शिकते, आणि सध्या विम्याचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप करते. मोठ्या कंपन्यांचे कारखाने बघायचे, तिथे काय काय बिघडू शकतं ते शोधायचं आणि बिघडायच्या आधी काय करता येईल ते लिहून द्यायचं, असं काम. आई शेजारणींना सांगते, पोरीला वाईट चिंतायचा पगार मिळतो. पगार नाही, विद्यावेतन मिळतं. बाकी तिचं बरोबर आहे.

कळंबजवळ भाज्या निवडून, गोठवून परदेशी पाठवणारा एक प्लांट आहे. "तू तिकडचीच ना," म्हणत ऑफिसने मला तिथे धाडलं. मी आग विझवायची नळकांडी बघितली, शीतगृहाचे पाइप बघितले, वायरी बघितल्या. प्रत्येक धोक्याला एक चौकोन द्यायचा असतो: घडण्याची शक्यता किती, घडलं तर नुकसान किती, त्यावरून तांबडा, पिवळा नाहीतर हिरवा. मला ते रंगवायला फार आवडायचं. एका संध्याकाळी घरी यायचं म्हणून मी निवडकाम करणाऱ्या बायकांच्या बसमध्ये बसले. दिवेलागणीला त्या फाट्यावर उतरल्या, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली आणि एकामागे एक उसात शिरल्या. बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून गाणी. बस वळली आणि मागच्या काचेतून मला नुसता काळोख दिसला. तेव्हा उतारू नेणारी तुमची जीप आठवली.

घोडेगाव ते आहुपे, सगळे फाटे तुमच्या ओळखीचे. उतारू वस्तीकडे चालायला लागला की तुम्ही जीपचं तोंड तिकडे वळवून उजेड टाकता, मी पुढच्या सीटवर पेंगते आहे, मागचे कुरकुरतात. लांबून "पोचलो व्हऽ" अशी ओ येते, मगच तुम्ही गिअर टाकता. आई म्हणायची, तुमची जीप चालती कमी आन् थांबती जास्त. तुमचं उत्तर ठरलेलं: "गाडीतनं उतरला म्हंजी पोचला न्हाई. घरातनं ओ आली म्हंजी पोचला."

पुण्यात मी विचारलं, बिबट्या कोणत्या रंगात टाकू? ऑफिस हसलं, वाईट नाही, पण हसलं. आमच्या मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लिही, पण उपायही लिही. नुसती भीती लिहिलीस तर ते पॉलिसी वाढवून घेतील आणि बस तशीच निघून जाईल." मी तुमचा उपाय लिहिला. मॅनेजरसाहेबांना तो पटेना. बसला परत येऊन दुसरी पाळी न्यायची असते, किती थांबणार? आणि पोचल्या हे ड्रायव्हरला कळणार कसं? ओ देतील, मी म्हटलं. ते म्हणाले, एक दिवस मीच बसून बघतो; जमलं नाही तर हा विषय बंद.

पहिल्या फाट्यावर झकास जमलं. दुसऱ्या फाट्यावर सगळ्यांच्या ओ आल्या, एक सोडून. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला. घड्याळ बघणारे साहेब काचेतून उसाकडे बघायला लागले. मग ड्रायव्हर काठी घेऊन उतरला, त्याच्यामागे साहेब, त्यांच्यामागे मी. हॉर्न ऐकून वस्तीही बॅटऱ्या घेऊन बाहेर आली. ती बाई सापडली गोठ्यात. म्हशीखाली बसून धार काढत होती.

"आगं, ओ द्यायला काय झालतं?" ड्रायव्हर कावला.

ती हळू आवाजात म्हणाली, "धारंला बसल्याव वरडलं तर म्हस पान्हा चोरती, भाऊ. मग दूध काय तुमचा इन्शुरन्स देणार व्हय?"

कोणाला हसू आवरेना, आणि सगळे तिथेच टेकले. तिच्या सासूने त्याच दुधाचा चहा केला. यापुढे सून धारेला बसली तर ओ सासूने द्यायची, असंही तिथेच ठरलं. मला वाटलं, आपला विषय चहाबरोबर संपला. पण परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "एक ओ आली नाही, हे आज थांबलो म्हणून कळलं. एरवी कुणाची आली नसती तरी कळलं नसतं." त्यानंतर आजचा फोन.

सोमवारी मी त्या बसमध्ये असेन. शेवटचा फाटा आपला. बस उजेड धरून उभी राहील, मी बांधावरून घरी जाईन आणि दारातून ओ देईन. ड्रायव्हरला वाटेल, ती त्याच्यासाठीच आहे. वाटू दे. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते बॅगेतच राहील. एवढंच कबूल करते, पुण्यातल्या खोलीचं दार लावतानाही मी रोज हळूच "पोचले" म्हणते, आणि खोलीतली मैत्रीण विचारते, फोन कुणाशी चालू आहे? सोमवारी मात्र मोठ्याने म्हणणार आहे.