मुंगीचं वजन आणि माझी पेटी

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी धाकट्या मेव्हणीचा नमस्कार. (मांडीवर मूल झोपलं आहे, त्यामुळे नमस्कार बसूनच केला आहे. वाकून केल्याचा धरून घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळल्याने फरक पडला असं ताईने मागच्या पत्रात लिहिलं होतं, पण फरक कुठल्या बाजूला पडला ते लिहिलं नव्हतं. तुमचा गुडघा, ताईची कंबर आणि थोरल्याची गणिताची परीक्षा, या तिन्हींसाठी मी रोज सकाळी देवापुढे तीन मिनिटं जास्त उभी राहायची. मूल झाल्यापासून एकच मिनिट मिळतं. तेव्हा सध्या परीक्षा धरली आहे, आणि गुडघा व कंबर देवावर सोडली आहेत. राग नसावा.

पत्र लिहिण्याला तसं खास कारण नाही. तुम्ही वजनमापं खात्यात निरीक्षक आहात याचा या पत्राशी काही संबंध नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

आमच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, हे ताईने सांगितलंच असेल. जन्मली तेव्हा सव्वादोन किलो होती. सासूबाईंनी फडकं उघडून आत पाहिलं, पुन्हा मिटलं आणि म्हणाल्या, "मूल कुठंय?" तेव्हापासून मुंगी. कागदावरचं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती दाराकडे बघते, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. आता सहावा महिना चालू आहे. दिसेल ते तोंडात घालते, त्यात माझा डावा कान आणि वाणसामानाच्या यादीचा खालचा भाग गेला. तब्येत उत्तम. पण पहिलं दर्शन माणूस विसरत नाही, आणि सासूबाईंच्या मते ती अजून फडक्यात सापडत नाही तेवढीच आहे.

आता माझं सांगते. दाजी, मॅट्रिक झाल्यापासून मी स्वतःसाठी म्हणून काही शिकले नव्हते. लग्नानंतर जे शिकले ते सगळं दुसऱ्यांच्या पोटात गेलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला प्रार्थनेचा हॉल आहे, तिथे जुनी पेटी आहे आणि ती वाजवणारे तितकेच जुने मास्तर आहेत. (दोघांचाही भाता थोडा गळतो.) मास्तर पुढच्या महिन्यात कायमचे लेकीकडे राहायला जाणार. दर आठवड्याला ज्या बारा प्रार्थना होतात, त्या न थांबता वाजवून दाखवील तो माणूस त्यांच्यामागे पेटीवर बसणार, असं ठरलं आहे. मास्तर दुपारी दोन ते चार फुकट शिकवतात. (फुकट म्हणून गेले असं नाही. पण फुकट नसतं तर गेले नसते हेही खरं.) मला सात येतात. पाच राहिल्या. माझ्याशिवाय उमेदवार एकच, निवृत्त पोस्टमास्तर, ते गेलं वर्षभर तिसऱ्या प्रार्थनेत आहेत. म्हणजे जागा माझीच, असं देवाच्या मनात असावं असा माझा समज आहे. त्या दोन तासांत मी कोणाची कोणी नसते, दाजी. बोटं चुकली तर माझी चुकतात आणि जमली तर माझी जमतात. घरात भात करपला तर तो सगळ्यांचा असतो.

ते दोन तास मुंगी सासूबाईंकडे असते. त्यांनी ठेवून घेतली, पण अट घातली. "पोरगी महिन्याला अर्धा किलो वाढली पाहिजे. वाढली तर खुशाल वाजव. नाही वाढली तर आईचं दूध पेटीत जातंय असं मी समजेन." मागची लस टोचली तेव्हा दवाखान्यात वजन सहा किलो दोनशे भरलं होतं. म्हणजे महिन्याने सहा किलो सातशे हवं. सासूबाई शब्दाच्या पक्क्या आहेत, आणि ग्रॅमच्याही.

दवाखान्यातला काटा लशीच्या दिवशीच बाहेर निघतो. एरवी नुसतं वजन करायला गेलं तरी डॉक्टर तपासतात, आणि तपासलं की काहीतरी निघतंच. रस्त्यात दोन तराजू असताना हा उपद्व्याप कोणी सांगितला, असा विचार मी केला, आणि तिथे चुकले. सोमवारी रद्दी विकायची होतीच. मुंगीला कडेवर घेतलं, रद्दी सासूबाईंनी घेतली, आणि आम्ही रद्दीवाल्या काकांकडे गेलो. आधी वर्तमानपत्रं पारड्यात गेली, मग मुंगी गेली. तिने पारड्याची साखळी तोंडात धरली. काकांनी वजनं घातली, काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, पाच किलो नऊशे.

सासूबाईंनी रद्दीचे पैसे घेतले आणि मुंगीही स्वतःच्या कडेवर घेतली. महिन्यात तीनशे ग्रॅम घटली! घरी येऊन त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू ते तीनशे ग्रॅम मी रोज थोडे थोडे पिशवीत घालून हॉलमध्ये नेऊन ठेवले आहेत. मी म्हटलं, काकांचा तराजू चुकत असेल. त्यावर त्या म्हणाल्या, "कमी सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल?" पेटीचा वर्ग त्या दुपारपासून बंद. मुंगीला तासातासाला पाजायचं ठरलं. दोन दिवसांत ती मला बघून तोंड फिरवायला लागली.

बुधवारी साखर आणायच्या निमित्ताने मी तिला कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांकडे घेऊन गेले. साखरेनंतर तीच पारड्यात बसली. सात किलो चारशे! मी धावत घरी आले. वाटलं, देव पावला. सासूबाईंनी मुंगीला उजेडात नेऊन तिची पावलं दाबून पाहिली आणि निर्णय दिला, "ही सूज आहे." यांना विचारलं, तर यांनी दोन्हींची सरासरी काढली, सहा किलो साडेसहाशे म्हणून सांगितलं, आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं. (आमच्याकडचे सगळे वाद हे असेच मिटवतात.) शेवटी सासूबाईंनी निकाल रविवारवर टाकला. रविवारपर्यंत खरं वजन काय ते त्यांना पटवून द्यायचं, नाहीतर मूल चालायला लागेपर्यंत पेटी नाही. चालायला लागेपर्यंत मास्तर लेकीकडे आणि पेटीवर पोस्टमास्तर.

इथून पुढचा मजकूर तुम्ही दाजी म्हणून वाचावा, निरीक्षक म्हणून नव्हे. निरीक्षक म्हणून वाचायचा असेल तर कृपया इथेच थांबून पत्र ताईच्या हाती द्यावं.

चाळीस पावलांच्या रस्त्यात दीड किलो वाढेल असं मूल देवाने अजून केलेलं नाही. मी बसून विचार केला. रद्दीवाले काका विकत घेतात आणि किराणावाले विकतात. हे एवढं लक्षात आलं आणि माझे हात देवघराकडे जोडले गेले, कारण अकरा वर्षं मी एकाला रद्दी घालते आहे आणि दुसऱ्याकडून साखर घेते आहे. कारखान्यातून बंद होऊन आलेलं मिठाचं एक किलोचं पाकीट घेतलं आणि दोन्हीकडे फिरवून आणलं. काकांकडे ते आठशे नव्वद ग्रॅम भरलं. किराणावाल्यांकडे एक किलो एकशे दहा. घरी येऊन त्रैराशिक मांडलं. एकीकडून मुंगी सहा किलो सहाशे तीस येते, दुसरीकडून सहाशे सत्तर. दोन्ही सातशेच्या खाली. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. मॅट्रिकला मला गणितात एकेचाळीस होते, त्यामुळे उत्तर चुकलं असण्याची आशा अजून होती.

पण बोलायचं कसं? प्रार्थनेच्या हॉलचे विश्वस्त हे किराणावालेच. पेटीची किल्ली त्यांच्या गल्ल्यात असते. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. गप्प बसले तर सासूबाई पेटी बंद करणार, बोलले तर विश्वस्त. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि आज सकाळी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, एका हातात मुंगी आणि दुसऱ्या हातात मीठ घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, भाऊ, याचं जरा वजन करून द्या. त्यांनी मीठ पारड्यात ठेवलं. एक किलो एकशे दहा. त्यांनी पाकीट उलटून छापलेलं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मुंगीकडे पाहिलं. मग गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीखालून एक लाल फडक्यातली पुरचुंडी काढली आणि त्यातली वजनं मांडता मांडता, थोडं रागावूनच, म्हणाले:

"वहिनी, बाळाचं करायचंय हे आधी सांगायचं ना! बाळाला खरी वजनं लावली असती."

दाजी, मापात पाप असतं हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण पुण्य वेगळं फडक्यात बांधून ठेवलेलं असतं हे ठाऊक नव्हतं. मुंगीला नुसत्या लंगोटावर ठेवून नीट वजन केलं. सहा किलो साडेसहाशे. (म्हणजे यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं होतं तेच. हे मी यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नये, घरात राहणं कठीण होईल.)

मग किराणावाले हलक्या आवाजात म्हणाले, तुम्हाला यापुढे सगळं खऱ्या वजनांनीच देत जाईन, आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवा, सकाळ-संध्याकाळ वाटेल तेव्हा वाजवा. किल्ली मी घेतली नाही. (थोडा वेळ हातात होती. तीन प्रार्थना मनातल्या मनात वाजवून होईतो.) मी म्हटलं, भाऊ, मला एकटीला खरी आणि रस्त्याला खोटी, हे मला पचणार नाही. सगळ्यांना तीच लावा, मी कुठे बोलणार नाही. माझे दाजी कोणत्या खात्यात आहेत ते मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की ते अधूनमधून आमच्याकडे राहायला येतात आणि येताना पितळी वजनांची पेटी बरोबर आणतात, छंद म्हणून. दुपारी जाऊन पाहिलं तर खरी वजनं उघड्यावर मांडलेली होती आणि साखरेचा भाव वाढलेला होता. रस्त्यातल्या बायका महागाईला शिव्या देत होत्या. मी त्यांच्यात उभी राहून मान हलवली.

तर सगळं असं आहे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघा उन्हातान्हात फार चालवू नये.

तुमची मेव्हणी

ता. क. एक राहिलं. सासूबाई म्हणतात, सरकारी वजनाशिवाय त्या कोणाचं मानणार नाहीत. तेव्हा रविवारी सकाळी तुम्ही तुमची पितळी वजनं घेऊन इकडे आलात तर बरं होईल. सरकारी कामासाठी नव्हे, मुंगीला बघायला. वजनं वर्तमानपत्रात गुंडाळून आणावीत आणि किराणा दुकानाच्या बाजूने येऊ नये. पत्र उद्या पहाटेच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे, तो तुमच्याच गल्लीत राहतो.

ता. क. दुसरा. वजन पन्नास ग्रॅम कमी आहे हे वर आलंच आहे. रविवारपर्यंतच्या दोन दिवसांचे पंधरा-पंधरा ग्रॅम धरले तरी वीस कमी पडतात. तुमची वजनं सरकारी आहेत, त्यांना हात लावा असं मी मेले तरी म्हणणार नाही. ते वीस ग्रॅम मुलीच्या पोटात घालणं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त साडेदहाच्या आधी दारात येऊ नका आणि आल्यावर चहाला नाही म्हणू नका. म्हणजे मला पाजायला सवड मिळेल.

ता. क. तिसरा, रविवार संध्याकाळ. कंडक्टर रजेवर निघाला, त्यामुळे पत्र घरीच राहिलं. वरचे दोन्ही ता. क. मी सकाळी पुन्हा वाचले आणि देवापुढे उभं राहायची लाज वाटली. सरळ जाऊन सासूबाईंना सांगितलं, की खरं वजन साडेसहाशे आहे, पन्नास ग्रॅम कमी, आणि आजचं धरलं तरी वीस कमीच. त्या मुंगीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिची दोन्ही पावलं तळहातावर घेऊन तोलून पाहिली. मग म्हणाल्या, "वजन करताना उघडी होती का गं?"

मी म्हटलं, लंगोटावर होती.

"लंगोटावर कोणाचं वजन करतात का कधी? तुझं केलं होतं का कोणी?"

असं म्हणून त्या उठल्या, आणि या उकाड्यात त्यांनी मुंगीला झबलं, स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि वरून लोकरी शाल घातली. मुंगी दिसेनाशी झाली. मग स्वतः तिला किराणावाल्यांकडे नेली, स्वतःच्या हाताने पारड्यात ठेवली, आणि पारडं खाली जाईपर्यंत काट्यावरची नजर हलवली नाही. सात किलो शंभर. किराणावाले शालीबद्दल काही बोलणार होते, पण सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. परत येताना मला म्हणाल्या, "दोन वाजता जायचंय ना? मग माझ्या मागे मागे काय येतेस?"

तेव्हा तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये, गुडघ्याला त्रास होईल. आठवी प्रार्थना आज सुरू केली, दुसऱ्या ओळीत बोट अडतं. घरी आल्यावर मुंगीचे कपडे काढले तर ती घामाने चिंब होती. त्यात वीस-पंचवीस ग्रॅम गेले असतील, पण ते धरायचे नाहीत असं सासूबाईंनी सांगितलं आहे.