पैलतीरचा जावई

गुरुजी, गेल्या शुक्रवारी आपलं गाव इथे जेद्दात फायनल हरलं. एका रनानं. आणि ते माझ्यामुळे हरलं असं अझीझिया मोहल्ल्यातल्या मलबाऱ्याच्या चहाच्या दुकानात अजून बोललं जातंय. बोलोत. मी मागे हटणार नाही. पण ज्याला हा हिशेब समजावून सांगावा असा एकच माणूस मला आठवतो, तो म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही तर आपल्या खाडीकाठच्या शाळेतून, नंतर या जगातूनच, कधीचे निघून गेलात. म्हणून दुपारच्या नमाजानंतर, गोदामात कुणी गिऱ्हाईक नसताना, स्पेअर पार्टच्या कॅटलॉगखाली वही दडवून लिहायला बसलो आहे. वर्गात गणिताच्या पुस्तकाखाली कवितेची वही दडवायचो तसंच.

मी कोण ते तुम्हाला आठवावं म्हणून सांगतो. तिसऱ्या बाकावरचा, डावखुरा, कविता मोठ्यानं म्हणणारा आणि शुद्धलेखन चुकवणारा. तुम्ही वृत्त शिकवायचात ते अजून माझ्या तळहातात आहे. लघु असेल तर टेबलावर एका बोटाची टिचकी, गुरु असेल तर पूर्ण पंजा. भुजंगप्रयात शिकवताना अख्खा वर्ग बाकं बडवतोय, शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतायत आणि तुम्ही डोळे मिटून उभे आहात, धोतराचा सोगा हातात. "यति आला की थांबा रे," तुम्ही ओरडता. "यति म्हणजे संपणं नव्हे. पुढच्या अक्षरासाठी श्वास राखून ठेवणं." लघु-गुरुच्या खुणा आम्ही आधी पेन्सिलीनं करायच्या आणि खात्री झाली की मग शाईनं, हा तुमचा नियम. शाईनं खोडलेलं दिसलं की कान धरायचात. म्हणायचात, "खात्री नसेल तर पेन्सिल धर. पण शाई धरलीस तर मग हात कापता कामा नये."

इथे आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाची टीम आहे, गुरुजी. रत्नागिरीपासून रायगडापर्यंत. कुणी ड्रायव्हर, कुणी शिंपी, कुणी ऑफिसात कॉम्प्युटरवर. शुक्रवारी पहाटेचा फजरचा नमाज झाला की शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर मॅट अंथरतात, टेनिसचा बॉल काढतात आणि जुम्याच्या दुपारच्या नमाजाच्या आत मॅच उरकतात. उन्हं चढली की माळावर उभं राहवत नाही. मी खेळायचं सोडून वीस-बावीस वर्षं झाली. आता मी समालोचन करतो. पिकअपच्या मागे स्पीकर, हातात माईक, डोक्यावर रुमाल. तुमच्याकडून शिकलेली सगळी भाषा मी तिथे उधळतो. षटकार गेला की चेंडू "निळाईला निरोप द्यायला निघाला" म्हणतो. पोरं हसतात, पण मी नसलो की "आज चव नाय" असंही म्हणतात. इतक्या वर्षांत सगळ्या गावांच्या हातात कप गेला, आपल्या गावाच्या कधी गेला नाही. आणि माझ्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का बसला आहे. पुढच्या आठवड्यात मी कायमचा घरी निघालो. म्हणजे हा माझा शेवटचा मोसम. कप बघायचा तर आत्ताच.

आपला कप्तान चव्वेचाळीस वर्षांचा आहे. एसी दुरुस्त करतो. सतरा वर्षं टीम तोच चालवतोय. सकाळी गाडी घेऊन एकेकाला दारातून उचलतो, मॅटही तोच धुतो. पण या मोसमात त्याची बॅट लागत नव्हती आणि सेमीफायनलला शेवटची ओव्हर स्वतः टाकून त्यानं मॅच जवळजवळ घालवली होती. फायनल लागली ती खाडीच्या पलीकडच्या गावाशी. त्या गावाचा हुकमी बोलर म्हणजे माझा जावई. माझी लेक त्यांच्याकडे दिली आहे. इथेच, दोन गल्ल्या सोडून राहतात. आता इथला एक रिवाज सांगतो. जो ज्या गावचा, तो त्याच गावाकडून खेळणार. पण जावई सासरवाडीकडून खेळू शकतो, सासऱ्यानं यादीत त्याचं नाव लिहिलं तर. आपल्याकडे जावई घरचाच धरतात ना, त्यातून आलेला हा रिवाज. आणि आपल्या टीमची यादी लिहून टॉसच्या वेळी पंचाकडे द्यायचं काम सगळ्यांत म्हातारा म्हणून माझ्याकडे.

बुधवारी संध्याकाळी असरच्या नमाजानंतर मलबाऱ्याकडे आपली मंडळी जमली. कप्तान कामावर होता. शिंप्यानं सुरुवात केली. "चाचा, खरं बोलू? आपला कप्तान सतरा वर्षं दुनियेचे एसी थंड करतोय, आता त्याची बॅट पण थंड पडली."

टँकर चालवणारा कप्तानाच्या बाजूचा. तो उसळला. "आणि तू शिवलेला माझा पायजमा पहिल्याच धुण्यात उसवला. तुला बदलला का कोणी?"

"पायजम्यानं फायनल हरत नाय!"

"लाज जाते ना पण!"

सगळे हसले. मग शिंपी माझ्याकडे वळला, आवाज खाली करून. "फिल्डिंग लावतो की लग्नाची पंगत बसवतो तो, तुम्हीच माईकवर बोलला होता. आता एवढंच करा. कप्तानाचं नाव काढा, जावयाचं घाला. त्यांचा बोलर आपल्याकडं आला की खलास. पलीकडं राहतं काय?"

"आणि कप्तानानं काय करायचं?" टँकरवाल्यानं विचारलं.

"पाणी द्यायचं. टँकर तुझा हायच."

"ज्याच्या गाडीत बसून ग्राउंडला जाता, त्यालाच पाणी द्यायला लावता? इमान म्हणून काय असतंय का नाय?"

"इमान कपात भरून पिता येत नाय, भाई."

मी चहा पीत होतो. पण घरी आलो आणि शाईच्या पेनानं यादी लिहिली. पहिलं नाव जावयाचं. कप्तानाचं नाव नाही. खोटं कशाला सांगू, गुरुजी, लिहिताना हात मुळीच कापला नाही. समोर कप दिसत होता. मी तो घेऊन आपल्या जेटीवर उतरतोय, बंधाऱ्यावर सगळं गाव उभं आहे.

गुरुवारी दुपारी लेकीकडे जेवायला गेलो. पिशवीत आपल्या टीमची जर्सी. जेवण झाल्यावर जावयाला सांगितलं. तो ताटावरून उठून हात धुवून आला होता, पंच्यानं तोंड पुसत होता. पुसता पुसता थांबला. म्हणाला, "अब्बा, तुम्ही सांगितलं म्हणजे झालं. खेळेन." एवढंच. ना खुशी, ना नाराजी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी विचारलंच नव्हतं. सासऱ्यानं जावयाला विचारायचं नसतं आणि जावयानं नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मी रिवाजाच्या आड लपून हुकूम सोडला होता. माझी नात मधेच म्हणाली, "नाना, अब्बू अपनी ही टीम को आउट करेंगे क्या?" लेकीनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी चपला घालायला दारात गेलो, तर तिथे जावयाचे बोलिंगचे बूट. जुनेच. टाचेला काळी टेप गुंडाळलेली आणि नाड्या त्यांच्या टीमच्या हिरव्या रंगाच्या.

आणि एकदम मी पुन्हा नववीत आहे, गुरुजी. खाडीच्या पलीकडचे लोक होडी घेऊन आलेत. त्यांच्याकडे एक बोलर कमी आहे आणि कॅनव्हासचे पांढरे बूट एक जोडी जास्त. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायात बूट चढलेत. मी आपल्याच गावाविरुद्ध खेळतोय, पाच विकेट काढतोय, आपली पोरं एकेक करून माना खाली घालून परत जातायत आणि पलीकडची माणसं मला खांद्यावर घेऊन नाचतायत. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही छडी उचलली नाही. माझ्या पायांकडे बघितलंत. म्हणालात, "बूट छान आहेत. आता सांग, हे घालून घरी कुठल्या वाटेनं जाणार?" शाळा सुटल्यावर मी बूट काखेत मारून बंधाऱ्याच्या चिखलातून अनवाणी घरी गेलो. मोठ्या वाटेवर आपल्या टीमची पोरं बसली होती, म्हणून. पुढे सौदीला निघालो तेव्हा तुम्ही तुमच्या हातानं उतरवलेल्या कवितांची वही दिलीत, तपकिरी कव्हर घातलेली. त्या दिवसाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, मीही नाही. तुम्ही गेल्याची बातमी मला पत्रातून कळली, महिन्याभरानं. रजा मिळाली नव्हती. कफील, म्हणजे माझा इथला मालक, भला होता, चहा पाजून म्हणाला, आता जाऊन काय करणार. तो प्रश्नही मला तुमच्या प्रश्नासारखाच वाटला होता.

मी दारातून परत आत गेलो. जर्सी पिशवीतून काढलीच नव्हती, ते बरं झालं. जावयाला म्हटलं, "तू तुझ्या गावाकडून खेळ. आणि जीव तोडून टाक. सासऱ्याकडं बघून एक बॉल जरी हळू टाकलास ना, तर ईदला तुझ्याकडं येणार नाय." तो पहिल्यांदा हसला. "येणार कसे अब्बा, तुम्ही तर चाललात." लेक आतून म्हणाली, "चहा टाकते." घरी येऊन मी यादी काढली, जावयाचं नाव खोडलं आणि वर कप्तानाचं लिहिलं.

शुक्रवारी माळावर हे कळलं तेव्हा शिंपी माईकसमोर येऊन उभा राहिला. "चाचा, आता सरळ सांगा. तुम्ही आमचे की त्यांचे?"

"तुमचा," मी म्हटलं. "म्हणूनच तर."

"हरलो तर?"

"तर हरू. पण मोठ्या वाटेनं घरी जाऊ."

त्याला कळलं नाही. कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी माईक चालू केला.

पलीकडच्यांनी दहा ओव्हरमध्ये चौऱ्याहत्तर केले. आपल्याकडून एका बाजूनं विकेट पडत राहिल्या आणि दुसऱ्या बाजूला कप्तान उभा. गुरुजी, ज्याची बॅट थंड पडली म्हणत होते तो माणूस त्या सकाळी वृत्तात खेळत होता. जावयाचा बॉल सुसाट यायचा आणि कप्तान घाई करायचा नाही. बॉल टप्पा पडून वर येईपर्यंत थांबायचा, मग फक्त मनगट. मी माईकवर म्हणालो, "हा यति बघा, मंडळी, हा यति!" खाली पोरं एकमेकांना विचारतायत की हा यति कुठल्या गावचा प्लेअर. शेवटची ओव्हर जावयाची. शेवटच्या बॉलवर चार हवेत. कप्तान स्ट्राइकला. जावयानं हिरव्या नाड्या पुन्हा बांधल्या, जीव तोडून धावत आला, बॉल टाकला. कप्तानानं तो पायांवरून उचलला. बॉल बाउंड्रीच्या दोरीपाशी पोचता पोचता एका पोरानं घरंगळत जाऊन अडवला. एक झाला, दोन झाले. तिसरा झाला असता तर निदान बरोबरी होती. कप्तान वळला. चव्वेचाळीस वर्षांचे पाय. थ्रो आला, जावयानं तो स्टंपपाशी घेतला, बेल्स उडाल्या. बॅट एक वीत अलीकडे होती.

कप्तान तिथेच पालथा पडलेला. सगळं हिरवं गाव जावयाकडे धावतंय, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून कप्तानाला उठवतोय, त्याच्या दाढीतली माती झाडतोय. माईक चालूच होता. माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास, पोरा." हे मी कुणाला म्हणालो यावर मलबाऱ्याकडे दोन पक्ष पडलेत. शिंपी म्हणतो जावयाला, टँकरवाला म्हणतो कप्तानाला. मला विचारतात, मी चहा पितो. घरी जाताना कप्तानानं मला त्याच्याच गाडीत पुढे बसवलं. मागच्या सीटवर शिंपी, तोंड फुगवून. दोन सिग्नल गेल्यावर तोच म्हणाला, "कप्तान, पुढच्या मोसमात सकाळी पळायला येशील काय रे? मी पण येतो." कप्तान म्हणाला, "आधी पायजमा नीट शीव. पळताना उसवला तर?"

तर असं आहे. उद्या पुन्हा हाच प्रश्न आला तरी मी हेच करीन, कपाशिवाय जेटीवर उतरीन, आणि उतरून सरळ मोठ्या वाटेनं घरी जाईन. हे पत्र तुमच्या वहीत ठेवतो. शाळेच्या पत्त्यावर टाकलं तर आजच्या हेडमास्तरांना काय कळणार.

फक्त एक गोष्ट राहिली. जावयाचं नाव मी पेन्सिलीनं खोडलं होतं, गुरुजी, आणि वर कप्तानाचं नावही पेन्सिलीनंच लिहिलं होतं. शाईचं पेन टेबलावरच होतं. आणि शुक्रवारी टॉससाठी नाणं उडेपर्यंत नातीचा खोडरबर माझ्या खिशात होता.