चालू घड्याळांची केस

आई,

त्या सकाळी बाबा स्वयंपाकघरातलं घड्याळ काखेत मारून निघाले. 'बंद पडलंय,' म्हणाले, आणि काखेतून टिकटिक ऐकू येत होती. जन्मभर गुप्तहेर म्हणून लोकांच्या मागावर राहिलेला माणूस खोटं किती वाईट बोलतो, म्हणून मी हसले. त्याच संध्याकाळी ते आपल्याला सोडून गेले.

तेव्हा घड्याळं नेल्याचा आळ काकांवर घेऊ नकोस, त्यांना फोनही करू नकोस. घरातली सगळी घड्याळं कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे आहेत. काल मी डोळ्यांनी बघितली. तू विचारतेस आणि मी विषय बदलते, तो मुलगा हाच. बाबांना कुठूनतरी कळलं असणार. एकेक चालू घड्याळ दुरुस्तीला टाकायचं आणि त्या निमित्ताने दुकानात बसून त्याच्यावर पाळत ठेवायची, असं चाललं होतं. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"बोललो असतो तर तुझे बाबा यायचे थांबले असते."

शेवटच्या दिवशी बाबा त्याला म्हणाले, "तुमच्यात काही सापडत नाही हो. फार वैताग दिलात."

या शांत घरात मला बसवत नाही. घड्याळं आणायला जातेय. भिंतीवरचं मोठं तो उचलून आणेल, तेव्हा चहा तिघांचा टाक.

आत्ताच बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "बाबा, मला त्याच्याशी लग्न करायचंय." झोपेत तुझ्या कानावर पडलं असेल, तर बरंच झालं.