धार तुटू न देता

प्रिय मावशी,

पत्र हातात आलं की तू आधी शेवटचं पान वाचतेस, हे मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. क्रमानं वाच. त्या दिवशीचं सगळं मी पुन्हा एकदा लिहिते आहे, तुला फोनवर सांगितलं होतं अगदी तसंच.

१. आई सकाळी सहा चाळीसला गेली.
२. साथीमुळे वॉर्डात कुणालाही सोडत नव्हते. मी त्याच इस्पितळात काम करते म्हणून मोठ्या सिस्टरनं मला आत घेतलं.
३. पिशवी बंद करण्याआधी मला अकरा मिनिटं मिळाली.
४. त्या वेळात मी ओल्या कापडानं आईचा चेहरा, हात आणि पाय धुऊन घेतले. उजव्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून डावा हात आधी.
५. पिशवी बंद केली. लेबल लावलं.
६. दफन दुपारी झालं. पाचच जणांना परवानगी होती. आपल्या रीतीला लागतात तेवढे दहा पुरुष नव्हते, म्हणून मृतासाठीची प्रार्थना झाली नाही.

हे तुला तोंडपाठ आहे. तू ते इतक्या जणांना सांगितलंस की कधीकधी वाटतं, ते माझ्यापेक्षा तुलाच जास्त नीट आठवतं.

आता इकडची बातमी. तुझी स्नानातली जुनी जोडीदारीण, सुईआजी, अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर आठवड्यांची भाषा करतात, महिन्यांची नाही. खाट खिडकीपाशी आणली आहे, शिवणयंत्रावर झाकण आहे आणि झाकणावर औषधं. जीभ मात्र शाबूत आहे. तिनं स्वतःचे अखेरचे कपडे कधीच शिवून ठेवले होते. माप घ्यायला सोपं गेलं, म्हणते, गिऱ्हाईक घरातच होतं. गेल्या महिन्यात तिनं ते कपाटातून काढायला लावले आणि बसल्या बसल्या दोन्ही बाजूंनी आत घेतले, कारण ती फार बारीक झाली आहे. मी म्हटलं, आता कशाला डोळ्यांना ताण देतेस. तर म्हणाली, "अगं, ढगळ कपड्यांत मी आजवर कुठे गेले नाही, तिथे तरी कशी जाऊ?"

तिला तू हवी आहेस. पण त्याकडे मी नंतर येते.

तू मुलाकडे राहायला गेलीस त्या सकाळी तुझा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. फणी, नखं साफ करायच्या लाकडी काड्या, घडी केलेले एप्रन, प्रार्थनेचे कागद. चिठ्ठी नव्हती. फक्त जाताना दारात म्हणालीस, माझं काम आता तुझ्याकडे. बावीस वर्षं तू आपल्या इथल्या ज्यू समाजातल्या प्रत्येक बाईला अखेरचं स्नान घातलंस आणि सख्ख्या बहिणीपर्यंत तुझा हात पोचला नाही. त्यानंतर तुला ती स्नानाची खोली नकोशी झाली, हे मला कळत होतं. तरी तू निश्चिंत होऊन गेलीस. भाचीनं केलं म्हणजे मीच केल्यासारखं, असं मास्तरीणबाईंना म्हणालीस. त्यांनी ते मला प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर, चारचौघांत ऐकवलं.

तो डबा मी वर्षभर उघडला नाही. मास्तरीणबाई बोलावत आणि मी ड्युटी पुढे करत असे. शाळेत चाळीस वर्षं दांडीबहाद्दर पकडलेल्या बाईपुढे हे किती टिकणार? त्यांनी कुठून तरी माझ्या ड्युटीची यादी मिळवली आणि स्वतःच्या फ्रिजवर लावली. एका मंगळवारी सकाळी साडेआठला दारात हजर. "आज तुझी दुपारपाळी आहे. चल. सुईआजी, मी आणि पार्लरवाली, तिघीच आहोत. तीन बादल्यांना तीन बायका लागतात, मग फळी काय मी दातांनी धरू?" मी डबा उचलला. जायची इच्छा होती म्हणून नाही. नाही म्हणायचं खरं कारण सांगता येत नव्हतं म्हणून.

जिला स्नान घालायचं होतं ती बाई एक्याऐंशी वर्षांची होती, पोस्टातून निवृत्त झालेली. मी आत जाऊन सवयीनं सामान मांडलं, आमच्या विभागात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करून मांडतात तसं, डावीकडून उजवीकडे, वापराच्या क्रमानं. मास्तरीणबाईंनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. फक्त ही बरी होऊन घरी जाणार नाही, एवढं लक्षात ठेव." मग दार लावलं आणि सगळ्या गप्प झाल्या. ती शांतता तुला माहीत आहे. माझ्या कामातही मी दिवसभर गप्प असते, पण तिथे यंत्रं बोलतात. इथे फक्त पाणी.

तुझ्या बायकांनी मला जे शिकवलं ते लिहिते, म्हणजे कुठे चुकत असेल ते तुला दिसेल. सगळं अंग चादरीखाली ठेवायचं आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा. उजवी बाजू आधी. तिच्या अंगावरून वस्तू एकमेकींना द्यायच्या नाहीत, वळसा घालून जायचं. धुऊन झाल्यावर फळी तिरपी धरायची आणि तीन बादल्या एकापाठोपाठ एक डोक्यापासून पायापर्यंत ओतायच्या. पहिली संपण्याआधी दुसरी सुरू, दुसरी संपण्याआधी तिसरी. धार तुटता कामा नये. तुटली तर तिन्ही भरून पुन्हा पहिल्यापासून.

मी मोजून पाहिलं आहे. आमच्या बादल्या आठ लिटरच्या आहेत, एक रिकामी व्हायला बावीस सेकंद लागतात, आणि पुढचीनं अठराव्या सेकंदाला सुरू केलं की धार तुटत नाही. हे सांगितल्यावर पार्लरवाली म्हणाली, तुझी मावशी हे न मोजता करायची. मी म्हटलं, म्हणूनच तिनं माझं नाव मोजपट्टी ठेवलं. तिसऱ्या खेपेला धार माझ्याच हातून तुटली. कडीवरून ओला हात निसटला. मी तिथेच उभी राहिले, कुणीतरी काहीतरी म्हणेल याची वाट पाहत. आमच्याकडे एक चूक झाली की चौकशी होते, कारण लिहून द्यावं लागतं, खाली सही लागते. इथे सुईआजीनं रिकामी बादली उचलली आणि नळाखाली लावली. बाकीच्या दोघींनीही लावल्या. पाणी भरायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि तितकं हलकं मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गाठीचं तुला कुणी सांगितलं असेलच. पहिल्याच दिवशी, कपडे चढवून झाल्यावर, कमरेचा पट्टा मी आमच्या पद्धतीनं बांधला. दुहेरी गाठ, ओढून घट्ट. आमच्या पॅकिंगला ती लागतेच, नाहीतर गठ्ठा परत येतो. सुईआजीनं मला बाजूला केलं आणि ती सोडवायला लागली. तिची बोटं तेव्हाच वाकडी झाली होती. मी पुढे झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. गाठ सुटली, मग तिनं एक सैल, ओढताच मोकळा होईल असा फास घालून दाखवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्याकडे गाठ मारत नाहीत. मी तर शिवताना धाग्यालाही मारत नाही. तिला उठायचं असेल तेव्हा अडकायला नको." मी विचारलं, उठणार आहे यावर तुझा खरंच विश्वास आहे? ती एप्रन पिळत होती. म्हणाली, "ते आपल्याला कशाला हवं? आपण फक्त अडवून ठेवायचं नाही."

मला आजवर कुणी श्रद्धेबद्दल इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझी अकरा स्नानं झाली. तू विचारशील, आता तरी मानतेस का? मास्तरीणबाई दर वेळी विचारतात. मी म्हणते, पद्धत बरोबर आहे. त्या कपाळाला हात लावतात. पण यापुढे मला अजून नेमकं सांगता येत नाही आणि अंदाजे सांगायचं नाही. शुक्रवारी मी आईच्या घरातले दोन दिवे लावते, सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी, तक्ता पाहून. आई अंदाजानं लावायची आणि नेहमी बरोबर असायची. शनिवारी, शब्बाथच्या सकाळी, प्रार्थनाघरात जाते, मागच्या बाकावर बसते. पुरुष जेमतेम दहा होतात. नऊ झाले की दहाव्यासाठी सगळे दाराकडे बघत थांबतात, आणि औषधाच्या दुकानाचे मालक गुडघे धरत पायऱ्या चढून आले की सुटकेचा श्वास सोडतात. आईच्या वर्षदिनाला, दोन्ही वर्षं, ते आले होते. प्रार्थना झाली. तुला हे कळवायचं राहून गेलं होतं.

आणि थकलेली असते, मावशी. सकाळी स्नान, दुपारी पाळी, घरी येऊन जेवायचाही कंटाळा. माणसं कमी होत चालली आहेत, काम तेवढंच आहे. मोठी झालेली मुलं दूर जातात, म्हातारी इथे राहतात. कधी वाटतं, शेवटची जी बाई उरेल तिला कोण धुणार? सुईआजीला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती तू असशील असं धरून चालू नकोस, एवढी काही तू मोठी नाहीस." मग मी हसले. आईनंतर पहिल्यांदाच मला माझ्या हसण्याचा आवाज ऐकू आला असेल. तरीही फोन वाजला की मी जाते. जाण्यासाठी मला मनाची तयारी करावी लागत नाही, हेच मला आता सगळ्यात विशेष वाटतं.

तर, सुईआजी. तिच्या वेळी ती स्वतः फळीवर असणार, म्हणजे आम्ही पुन्हा तिघी. परवा तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझ्या वेळी तुझी मावशी हवी. तिची धार कधी तुटली नाही." मी म्हटलं, लिहिते. ती म्हणाली, "लिहायचंच असेल तर सगळं लिही." मग डोळे मिटून घेतले. मी उठायला लागले तर न उघडताच म्हणाली, "जिनं एकदा आपल्या आईला धुतलंय, तिचे हात पहिल्या दिवशी तसे थरथरत नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं. वाट बघत होते, तू कधी सांगतेस."

क्रमांक चार खोटा आहे, मावशी. बाकी सगळे बरोबर आहेत. अकरा मिनिटं खरी आहेत. त्या अकरा मिनिटांत मी लेबलावरचा नंबर फाईलवरच्या नंबराशी तीन वेळा ताडून पाहिला. हातमोजे दुहेरी होते, बेसिन चार पावलांवर होतं, कापड ट्रॉलीवर होतं. मी आईला हात लावला नाही. मला भीती वाटली, आजाराची नाही, तिचा हात गार लागेल याची. तासाभरानं तू फोनवर विचारलंस, कुणी तिला पाणी तरी लावलं का गं, आणि तुझा आवाज असा झाला होता की मी हो म्हटलं. तू विश्वास ठेवावास म्हणून सुईचं आणि डाव्या हाताचं घातलं. ते ऐकून तू रडलीस आणि मग शांत झालीस. त्या एका वाक्यावर तू मला तुझा डबा दिलास, त्या वाक्यावर या बायकांनी मला आपल्यात घेतलं, आणि आज माझ्याकडे जे काही आहे ते त्याच वाक्यावर उभं आहे. फोन केला नाही, कारण त्या दिवशी खोटं बोलताना माझा आवाज अगदी व्यवस्थित होता, तेव्हापासून त्याच्यावर माझा भरवसा नाही. स्नान झालं की आपण त्या बाईचं नाव घेऊन म्हणतो, आमच्याकडून काही उणं राहिलं असेल तर क्षमा कर. अकराही वेळा मी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा मनात, आईचं नाव घेऊन. तुझी क्षमा मागायची राहिली होती. सुईआजीच्या फळीच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी असताना हे आपल्यामध्ये असलेलं मला चालणार नाही, आणि तिलाही नाही. मला माफ कर. डबा परत हवा असेल तर घेऊन जा, मी फक्त बादली उचलीन. तू येणार नसशील तर मास्तरीणबाईंना गुरुवारी सकाळी दुसऱ्या गावच्या प्रार्थनाघरात फोन करून चौथी बाई आधीच मागून ठेवावी लागेल, तिथून यायला तीन तास लागतात. म्हणून येणार आहेस की नाही ते बुधवारपर्यंत कळव. नुसतं नाही असं लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
मोजपट्टी